न पिण्याची बाटली

समुद्र माणसाला मोकळं करतो. जमीन ही नियमांची, दाखल्यांची आणि शेजाऱ्यांची. पण एकदा का पायाखाली पाणी आलं, की अंगावरची सगळी बंधनं आपोआप गळून पडतात.

हे मी जहाजावर चढण्याच्या रांगेत बोललो. जरा मोठ्यानेच, म्हणजे पुढच्या-मागच्यांनाही लाभ व्हावा. तेवढ्यात आमची ही मागून म्हणाली, "पट्टा काढा. समोरची पाटी वाचा." मी पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला. त्यानंतर गळून पडण्याच्या बेतात होती ती फक्त माझी पँट. एका हातात पँट आणि दुसऱ्या हातात पासपोर्ट धरलेल्या माणसाला समुद्राविषयी फार काही बोलता येत नाही.

आमच्या पुढे दादा होते. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यामुळे माणूस कमी बोलणारा, पण कुठेही गेला की आधी दरवाजे कसे लागतात ते बघणारा. त्यांची बॅग तपासणीच्या यंत्रात शिरली आणि यंत्र थांबलं. पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी मान वाकडी केली, मग सरळ केली, आणि बॅग बाजूला घ्यायला लावली. आतून दोन सदरे निघाले, दाढीचं सामान निघालं, आणि जुन्या मफलरमध्ये तान्ह्या बाळासारखी गुंडाळलेली रमची बाटली निघाली.

"अरे दादा!" आमची ही ओरडली. "हिला बरोबर घेतलंस?"

"घरी एकटी कशी ठेवू?" दादा म्हणाले.

तपासणीवाल्या बाईंनी बाटली उजेडात धरली. "माणशी एक वाइनची बाटली चालते. ही वाइन नाही. कडक दारू आत नेता येत नाही."

"सीलबंद आहे," दादा म्हणाले.

"सीलबंद असली तरी कडकच."

"पण प्यायची नाहीये."

"सगळे तेच सांगतात."

"ते खोटं सांगतात. मी खरंच न पिण्यासाठी आणली आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पँट वर ओढली. त्याने आमच्या बाजूला काही वजन आलं असं मला वाटत नाही.

"न पिण्यासाठी आणली," बाई सावकाश म्हणाल्या, "तर मग घरीच का नाही ठेवलीत?"

"घरी ठेवली असती तर इथे प्यायलो असतो."

मागची रांग चुळबुळायला लागली. बाईंनी बहुधा ठरवलं की हे वाक्य समजून घेण्याचा पगार आपल्याला मिळत नाही. त्यांनी बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवली. "जप्त करत नाही आम्ही, जमा करतो. उतरायच्या दिवशी परत मिळेल."

"आणि तोवर?" दादांनी विचारलं.

"तोवर अजिबात काळजी नको," बाई पहिल्यांदाच हसल्या. "वर प्रत्येक मजल्यावर बार आहे."

आता ही बाटली काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या बाईंसारखे बघत राहाल.

वहिनी गेल्यानंतर दादा प्यायला लागले. आधी रात्रीचे, मग संध्याकाळचे, मग घड्याळ बघणंच सुटलं. त्यांची मुलगी तेव्हा बोटीवरच्या अधिकाऱ्याचं शिक्षण घेत होती. तिचा पदवीचा समारंभ होता. दादा निघाले वेळेवर, पोचलेही वेळेवर, पण सभागृहापर्यंत काही गेले नाहीत. समारंभ संपल्यावर पांढऱ्या गणवेशातली मुलगी मैत्रिणींबरोबर खाली जायला लिफ्टपाशी आली, तेव्हा लिफ्टचा दरवाजा बंद व्हायचा, कशाला तरी अडायचा आणि पुन्हा उघडायचा. अडत होता तो दादांच्या बुटांना. दादा आत झोपले होते. ज्या माणसाने जन्मभर लिफ्ट चालत्या ठेवल्या त्याने स्वतःच्या पायांनी ती अडवून धरली होती, आणि मैत्रिणी म्हणत होत्या, "कोण आहेत गं हे?"

मुलगी काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. शुद्धीवर आल्यावर दादांनी जाऊन एक बाटली विकत घेतली, समोर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ती टीव्हीच्या वरच्या फळीवर गेली. रोज संध्याकाळी, प्यायच्या वेळेला, दादा तिला खाली काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, झाकणाचं सील बघायचे आणि परत वर ठेवायचे. शाळेत मोठ्या बाई वर्गात आल्या की दंगा जसा आपोआप थांबतो तसं होतं म्हणाले, आणि बाटलीचं नाव मोठ्या बाई पडलं. तेव्हापासून थेंब घेतला नाही.

मी एकदा विचारलं होतं, "दादा, हे चालतं कसं?"

"लिफ्टचा ब्रेक कायम लागलेलाच असतो, भाऊजी," ते म्हणाले. "वीज आली की सुटतो. वीज गेली की आपसूक लागतो. लोकांना वाटतं उलटं असतं."

"मग यात बाटली म्हणजे वीज की ब्रेक?"

दादांनी बराच विचार केला. "ते मला अजून कळलेलं नाही."

आणि मग इतक्या वर्षांनी मुलीचा फोन आला. ती आता या जहाजावर सुकाणूच्या खोलीत अधिकारी होती. घरच्यांसाठी जागा मिळत होत्या. "या," ती म्हणाली. "आत्या-काकांनाही आणा. एकच अट आहे, बाबा. एक थेंबही नाही. तसं काही झालं तर पुन्हा बोलावणार नाही."

पूर्वी ती बापाला अरे-तुरे करायची. आता 'तुम्ही' म्हणत होती.

म्हणजे पंचाईत अशी. बाटली आणल्याचं मुलीला कळलं तर सगळं संपलं. बाटली जवळ नसली तर दादांचा भरवसा नाही, तसं झालं तरी सगळं संपलं. आणि बाटली होती तळघरात, गळ्यात चिठ्ठी अडकवून.

जहाज मोठं झकास होतं. दारातच एका हसऱ्या माणसाने आमच्या हातांत स्वागताचे फेसाळते ग्लास दिले. आमच्या हिने दादांचा ग्लास काढून माझ्या हातात दिला, मग माझे दोन्ही काढून एका कुंडीत ओतले. दादा बरोबर असताना मीही घ्यायची नाही, असा हुकूम घरून निघतानाच सुटला होता. त्या कुंडीतलं झाड प्रवासभर मला फार तरतरीत दिसत होतं.

मी मनातल्या मनात तो नियम समजून घ्यायचा प्रयत्न करत होतो. बाहेरची दारू आत आणायला बंदी. आतल्या दारूला बंदी नाही. म्हणजे दारूवर कोणाचा राग नव्हता. तिने प्रवास करू नये, एवढंच म्हणणं होतं.

दादांच्या खोलीत एक छोटा फ्रिज होता आणि तो छोट्या छोट्या बाटल्यांनी गच्च भरलेला होता. दादांनी दार उघडलं आणि तसंच लावलं.

"हे काढून न्या," मी खोली आवरणाऱ्याला सांगितलं.

"काढता येत नाही साहेब. बाटली जागेवरून उचलली की ती प्यायली असं फ्रिज समजतो."

"पण प्यायलेली नसते ना."

"फ्रिजला ते कळत नाही साहेब."

"मी माझ्या खोलीत नेऊन ठेवतो सगळ्या," मी म्हणालो. "तेवढाच दादांना त्रास कमी."

"वा," आमची ही म्हणाली. "बोक्याकडे दुधाची राखण."

दादा त्या खोलीत फक्त झोपायला जात, तेही फ्रिजकडे पाठ करून. उरलेला वेळ ते कुठे असत हे शोधायला आम्हाला फार वेळ लागला, कारण त्या जागेचा विचार करायची आमची तयारी नव्हती. दादा लिफ्टमध्ये होते.

"अख्ख्या जहाजात हीच एक जागा आहे," ते म्हणाले, "जिथे कोणी हातात ग्लास देत नाही."

खरं होतं ते. दादा कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहत, वर-खाली जात आणि कान लावून ऐकत. "दाराचा रूळ घासतोय जरा," म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते जहाजाचेच माणूस वाटले. बायका मजला सांगायच्या, दादा बटण दाबायचे. एका आजोबांनी तर बक्षीस देऊ केलं. आमची ही ताट घेऊन लिफ्टमध्ये शिरायची आणि दादा चौथ्या मजल्यापासून नवव्यापर्यंत जेवायचे.

पण संध्याकाळ झाली की त्यांचे हात अस्वस्थ व्हायचे. खिशातून फडकं काढायचे, घडी करायचे, परत ठेवायचे. पुसायला काही नव्हतं. लिफ्टचं दार उघडलं की समोर बार दिसायचा, आणि दादा दाराकडे बघायचे ते दार बिघडलं तर बरं, अशा नजरेने.

आमच्या हिने एक तोडगा काढला. "इथल्या दुकानातून नवी बाटली घेऊ या का? सीलबंद?"

दुकानदार म्हणाला, घ्या की, पण ताबा उतरायच्या दिवशी मिळेल. तेवढ्यापुरती त्याने एक बाटली दादांच्या हातात दिली. दादांनी ती फिरवून पाहिली आणि परत केली.

"ही कालची पोरगी," म्हणाले. "हिचा मला काय धाक?"

शेवटी आम्ही तिघे चौकशीच्या खिडकीवर गेलो.

"मला मोठ्या बाईंना भेटायचंय," दादा म्हणाले.

खिडकीतली मुलगी गोड हसली. "कोणत्या खोलीत उतरल्यात त्या?"

"खोलीत नाहीत. तुमच्या लोकांनी खाली कोंडून ठेवल्यात."

हसू होतं तिथेच राहिलं, पण तिचा हात फोनकडे गेला. मी घाईघाईने सगळं समजावून सांगितलं. समजावून झाल्यावर तिने फोन केलाच, फक्त सुरक्षावाल्यांऐवजी भांडारप्रमुखांना. ते आले. गोलमटोल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानासारखं अगत्य.

"बाटली बघायची?" त्यांनी विचारलं.

"बघायची," दादा म्हणाले.

"हात लावायचा?"

"पुसायची. फडकं माझं आहे."

"आणि मग?"

"मग परत ठेवायची."

भांडारप्रमुखांनी हनुवटी खाजवली. "बाटली जमा करायचा नियम आहे. परत द्यायचा आहे. फुटली तर काय करायचं याचाही आहे. पण भेटायचा नियम नाही."

"नियम नाही म्हणजे चालतं की चालत नाही?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"इतकी वर्षं नोकरी केली," भांडारप्रमुख म्हणाले, "ते मलाही कधी कळलं नाही. वाइन असती तर सोपं होतं. जेवणाच्या टेबलावर वेटरच्या हाती पाठवता येते."

"मग तशीच पाठवा की!" आमची ही म्हणाली.

"बाई, ती रम आहे."

"तुम्ही तिला वाइन समजा."

"समजायला माझं काय जातं, पण..."

इथे आमच्या हिला राहवलं नाही. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो जो अगदी नको त्या वेळी ओळख काढतो. "अहो, याची मुलगी तुमच्याच जहाजावर अधिकारी आहे!"

भांडारप्रमुखांचा चेहरा एकदम उजळला. "सुकाणूवरच्या मॅडम? त्यांचे तुम्ही वडील? अहो, मग आधी नाही का सांगायचं! उद्या मॅडम घरच्यांबरोबर जेवणार आहेत म्हणून टेबलही मीच राखून ठेवलंय."

"तिला कळता कामा नये," दादा घाबरून म्हणाले. "बाटलीचं तिला काही कळायला नको."

"समजलो," भांडारप्रमुख म्हणाले, आणि त्यांनी डोळा मारला.

"ती यायच्या आधी आणा," मी म्हणालो. "आम्ही जरा लवकर येऊन बसतो. दादा बघतील, पुसतील, तुम्ही लगेच न्या."

"तुम्ही निर्धास्त राहा. अगदी योग्य वेळी येईल."

परत येताना मी हिला विचारलं, "त्यांनी डोळा का मारला?"

"त्यांना समजलं म्हणून," ही म्हणाली.

"काय समजलं?"

पण दादा हसत होते, म्हणून आम्हीही विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर जाऊन बसलो. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि फडकं मांडीवर तयार ठेवलं होतं. समुद्र जरा खवळला होता. टेबलावरची भांडी एकदा दादांकडे सरकायची, एकदा माझ्याकडे. बाटली आली नाही. मी वेटरला खूण केली, त्याने पाणी आणलं. पुन्हा खूण केली, पुन्हा पाणी आणलं. तिसऱ्या खुणेला मुलगी आली.

पांढरा गणवेश, खांद्यावर पट्ट्या, चाल अशी की जहाज तिच्या सोयीने हलतंय. तिने आत्याला मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला आणि बापासमोर बसली. दादांनी फडकं खिशात कोंबलं.

"प्रवास कसा चाललाय, बाबा?"

"छान. लिफ्ट चांगल्या आहेत."

"ऐकलं मी." ती काटा सरळ करत होती. "लोक सांगत होते, तुम्ही सारखे लिफ्टमध्ये असता."

टेबलावरची भांडी माझ्याकडे सरकली आणि परत गेली.

"जागा होतो," दादा म्हणाले.

मुलीने मान वर केली. काहीतरी बोलणार होती ती, आणि माझी खात्री आहे की ते बरं काहीतरी होतं. पण तेवढ्यात दिवे मंद झाले.

स्वयंपाकघराच्या दारातून वेटर आला. हातात चांदीचा ट्रे, ट्रेवर पांढरा रुमाल, रुमालावर मोठ्या बाई. गळ्यातली चिठ्ठी काढून तिथे लाल फीत बांधली होती. मागे खांबाशी भांडारप्रमुख उभे होते आणि मुंज लावल्यासारखे कृतार्थ दिसत होते. डोळा का मारला ते मला आत्ता कळलं. त्यांना वाटलं होतं बापाला मुलीला आनंदाचा धक्का द्यायचाय.

"मॅडमच्या वडिलांकडून," वेटर म्हणाला, "खास घरून आणलेली."

दादांनी हात पुढे केला. तो अर्ध्यावर होता तेव्हा कट् असा आवाज झाला. एवढासाच. वेटरने झाकण फिरवलं होतं, आणि ज्या सीलकडे बघत दादा इतकी वर्षं जगले ते त्याने सवयीने चुरगळून खिशात टाकलं. मग ग्लास भरला आणि अदबीने दादांसमोर ठेवला.

दिवे परत लागले. ते लागले नसते तर बरं झालं असतं.

"बाटली आणलीत," मुलगी म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

"आणली."

"मी काय सांगितलं होतं?"

"एक थेंबही नाही, असं."

"आणि तुम्ही अख्खी बाटली आणलीत."

"थेंब घ्यायचा नाही म्हणूनच आणली गं," दादा म्हणाले, आणि त्यांनाही ऐकू आलं असणार की हे कसं वाटतंय. ते माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. आमच्या हिने ते टेबलाखालून लाथ मारून बंद केलं आणि स्वतः बोलायला लागली. फळी, फडकं, रोजची संध्याकाळ, मोठ्या बाई, सगळं सांगितलं. मध्येच सुरुवात केली, शेवट आधी सांगितला, दुकानातल्या कालच्या पोरीचंही सांगितलं. मुलगी एकदा आत्याकडे बघत होती, एकदा बाटलीकडे.

"थांब आत्या. म्हणजे बाबांनी पिऊ नये म्हणून दारू."

"हो."

"आणि ती जमा केली म्हणून हे लिफ्टमध्ये."

"हो."

"आणि ती बघता यावी म्हणून तुम्ही ती इथे मागवली. माझ्यासमोर."

"तुझ्या आधी," मी म्हणालो. "योजना तशी होती."

मुलीने कपाळ चोळलं. समुद्रात वाट काढण्याचा तिचा धंदा, पण या गोष्टीत तिला किनारा दिसत नव्हता. "कधीपासून आहे ही बाटली?" तिने बापाला विचारलं.

"तुझ्या समारंभाच्या दिवसापासून. शुद्धीवर आल्यावर घेतली."

मुलीने तो ग्लास बोटाने बापाकडे आणखी सरकवला.

"मग आता काय, बाबा? सील तर गेलं. आता कोण अडवतंय तुम्हाला?"

टोमणा होता तो, पण उत्तर ऐकायची भीतीही त्यात होती. आमच्या हिने माझा हात घट्ट धरला. दादा ग्लासाकडे बघत राहिले. जहाज कललं की रम त्यांच्याकडे झुकायची, जणू काही कानात सांगायचंय. मग परत फिरायची. खांबाशी उभ्या भांडारप्रमुखांना काहीच कळत नव्हतं, तरी तेही श्वास रोखून होते.

"मला वाटलं होतं," दादा शेवटी म्हणाले, "हे तुटलं की मी गेलोच. खोलात पडणार थेट. वाट बघतोय कधीची." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात स्वस्थ होते. "काहीच होत नाहीये. भाऊजी, वीज गेली की हो."

"मग?" मी विचारलं.

"ब्रेक लागलाय वाटतं." ते पूर्ण गोंधळलेले होते. "जरा भूक लागलीय, बाकी काही नाही."

मुलगी हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तिने रुमाल तोंडावर धरला होता आणि तो रुमाल माझा होता. मग तिने नाक पुसलं, खिशातून नकाशावर खुणा करायची लाल मेणाची पेन्सिल काढली आणि बाटली जवळ ओढली.

"ठीक आहे. सील नाही तर नाही. जेवढी आहे तिथे रेघ मारते. पुन्हा भेटू तेव्हा बघेन."

तिने रेघ मारली. जहाज डावीकडे कललं आणि रम रेघेच्या वर गेली.

"वाढली," आमची ही म्हणाली.

"वाढेल कशी?" मुलगी म्हणाली आणि दुसरी रेघ मारली. जहाज उजवीकडे कललं.

"दादा, प्यायलास तू," मी म्हणालो. भरात एकेरीवर आलो होतो. "नाही, नाही प्यायलात. प्यायलात. आता परत सोडलीत."

बाटलीवर भराभर रेघा झाल्या. एवढी शिकलेली अधिकारी, पण तिला रमची नेमकी पातळी काही सापडेना. न राहवून भांडारप्रमुख पुढे आले. "मॅडम, खूण बंदरात लागल्यावर करावी. तिथे हलत नाही."

"आणि तोवर?" मुलीने विचारलं.

"तोवर तू विचार," दादा म्हणाले. "रोज संध्याकाळी फोन कर. मी सांगत जाईन."

"आणि खोटं सांगितलंस तर?"

आमच्या हिने माझा हात सोडला आणि डोळे टिपायला माझा रुमाल शोधायला लागली. तो मुलीकडे होता. सांगितलंस, म्हणाली होती ती. दादांनीही ते ऐकलं होतं. ते ताठ बसले, जणू कोणीतरी त्यांच्या खांद्यावरही पट्ट्या लावल्या होत्या.

"तुला ओळखू येईल," ते म्हणाले. "तू ओळखायचीस नेहमी."

टेबलाभोवती असं काही हळवं वातावरण झालं की शेजारच्या टेबलावरचे लोकही जेवायचे थांबले. मला राहवेना. मी उभा राहिलो, माझा पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हणालो, "समुद्र माणसाला मोकळं करतो. एकदा का पायाखाली पाणी आलं..."

"एक मिनिट, भाऊजी," दादा म्हणाले. ते समोरचा भरलेला ग्लास बाटलीच्या तोंडाशी नेऊन अंदाज घेत होते. जहाज पुन्हा कललं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि वेटरला बोटाने जवळ बोलावलं.

"तेवढं एक नरसाळं मिळेल का?"